ओलं दार

दार बंद झालं तेव्हा भाऊंच्या हातात ओला ब्रश होता, आणि त्या दाराच्या दोन्ही मुठी शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या डिकीत बसून बाजारात निघाल्या होत्या.

चूक म्हणावी अशी कुणाचीच नव्हती. भाऊंचे वडील रंगारी होते आणि त्यांचा दंडकच होता, की दाराला ब्रश लावण्याआधी मुठी उतरवायच्या. "मुठीसकट दार रंगवणं म्हणजे चष्म्यासकट तोंड धुणं," असं ते म्हणायचे. म्हणून भाऊंनी दुपारी बारा वाजता आतल्या खोलीच्या दाराच्या दोन्ही मुठी आणि त्यांना जोडणारी चौकोनी सळई काढली. मुठी फारच जुनाट दिसल्या, म्हणून बायकोने त्या सळईसकट नमुना म्हणून शेजाऱ्यांकडे दिल्या, अशीच नवी जोडी मिळाली तर बघा म्हणून. भाऊ आत राहून दाराची आतली बाजू रंगवत बसले. दाराखाली घडी घालून सरकवलेला पुठ्ठा त्यांच्याच पायाने निसटला, खिडकीतून वारा आला, आणि दाराची जीभ चौकटीत खट्कन जाऊन बसली.

"अहो, दार का लावलंत?" बाहेरून बायकोचा आवाज आला.

"मी नाही लावलं. लागलं."

"मग उघडा."

"कशाने उघडू? नाकाने?"

बायकोने बाहेरून दार ढकलून पाहिलं. मग तिलाही मुठींचा प्रवास आठवला असावा. "अगं बाई!" ती म्हणाली. तिने शेजाऱ्यांना फोन लावला. तो भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांच्याच घरात, इमानेइतबारे वाजला.

मूठ गेलेल्या जागी एक गोल भोक उरलं होतं. त्यात चमच्याची दांडी घालून पाहिली, ती गोल गोल फिरली. पेन्सिल घालून पाहिली, ती मोडली. खिडकीला गज होते. भाऊ चौसष्ट वर्षांचे होते आणि गजांमधून जाईल असं त्यांच्या अंगात हाताशिवाय काही नव्हतं.

"राहू दे," ते म्हणाले, "शेजारी येतीलच तासाभरात."

"तासाभरात वन्संसुद्धा येतील!"

खरी अडचण हीच होती. अक्का, त्यांची थोरली बहीण, नऊ वर्षांनी घरी येणार होती. तीही दुपारपुरती. चारच्या बसने परत. वडील गेल्यावर सामान आवरताना भाऊंनी त्यांची ब्रशांची पेटी रद्दीबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकली होती. अक्काने विचारलं, "पेटी कुठंय?" भाऊंनी सांगितलं. ती पिशवी उचलून निघून गेली. त्यानंतर फोन व्हायचे, तब्येत कशी, पाऊसपाणी काय, एवढेच. हे दार भाऊंनी रंगवायला काढलं होतं ते तिला दाखवायला. वडिलांच्या पद्धतीने, स्वतःच्या हाताने. मी विसरलो नाही, एवढं त्या दाराने तिला सांगावं, अशी त्यांची इच्छा होती.

तासाभराने फाटक वाजलं. शेजारी नव्हते.

बाहेर दोन बायकांची कुजबुज झाली. मग दाराजवळ पावलं आली, आणि भोकातून एक डोळा आत डोकावला. त्याभोवती सुरकुत्या वाढल्या होत्या, पण तो डोळा भाऊंनी कुठेही ओळखला असता.

"बाळ्या, आत काय करतोयस?"

"तुझं स्वागत," भाऊ म्हणाले. अंगात रंगाने बरबटलेला बनियन, आणि इस्त्रीचा सदरा बाहेर खुंटीवर.

अक्का हसली नाही. तिचा डोळा भोकातून बाजूला झाला आणि त्या जागी नाक आलं. तिने खोल श्वास घेतला. "ऑइल पेंट," ती म्हणाली. "टर्पेंटाइन जरा जास्त घातलंस." आणि मग एकदम, "आधी काय रंगवलंस?"

"पॅनल. सहाच्या सहा."

"त्यांच्या खाचा आधी की सपाट भाग आधी?"

"खाचा आधी. मग सपाट. मग मधली उभी पट्टी, मग आडव्या पट्ट्या वरून खाली, मग दोन्ही बाजूच्या लांब उभ्या. कड तेवढी राहिलीय."

"नशीब. कड ओली असती तर दार चौकटीला चिकटून बसलं असतं." ती थांबली. "ओघळ?"

भाऊंनी खालच्या पॅनलकडे पाहिलं. "दोनच."

"म्हणजे रडलंच," अक्का म्हणाली. वडील ओघळांना रडणं म्हणत. रविवारी ते दोघांना कामावर न्यायचे. अक्का दहा वर्षांची, भाऊ सात. अक्काचा हात इतका हलका, की लोकांच्या घरची पॅनलं वडील तिच्याकडून रंगवून घ्यायचे आणि मालकाला ते कधी कळायचं नाही. भाऊंनी रंगवलेल्या प्रत्येक दारासमोर मात्र ते कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि विचारायचे, "ह्याला कुणी रडवलं रे?"

एवढ्यात बायकोने बोलावलेला सुतार आला. त्याने पिशवीतून पटाशी आणि हातोडी काढली. "दोन मिनिटांचं काम. फटीतून पटाशी घालतो आणि जीभ मागं सारतो. चौकटीला थोडा मार बसेल, बाकी काही नाही."

"खबरदार!" आतून भाऊ आणि बाहेरून अक्का एकदमच ओरडले.

सुतार दचकून मागे सरला. "अहो, पण माणूस अडकलाय आत!"

"त्याला काय होतंय? चौकट मोडली तर ती काही परत सांधत नाही. बसा तुम्ही," अक्का म्हणाली. सुतार बसला. बायकोने त्याला चहा दिला.

अक्का दाराच्या बाहेरच्या बाजूकडे बघत राहिली. ती बाजू घासून, पुसून तयार होती, रंग लागलेला नव्हता. "ही कधी रंगवणार?"

"उद्या."

"उद्या मी कुठं असणार? रंग दे इकडे."

"कुठून देऊ?"

"खिडकी आहे ना!"

डबा गजांतून गेला नसता, म्हणून भाऊंनी पाणी प्यायच्या पेल्यात रंग ओतून दिला, आणि लहान ब्रश. घराला वळसा घालून, जरीच्या काठाचं लुगडं वर खोचून, सदुसष्ट वर्षांची अक्का तो पेला घेऊन दारासमोर आली. बायको चहाचं भांडं हातात धरून बघतच राहिली. तिने आपल्या नणंदेला आजवर फक्त नीटनेटकं बसलेलं पाहिलं होतं.

मग आत भाऊंना तो आवाज ऐकू आला. खाचेत टेकलेल्या ब्रशाचा बारीक आवाज, मग सपाट भागावरचा लांब सर्र, आणि शेवटी केसांच्या टोकांनी घेतलेला एक हलका हात. मध्ये कुठे अडखळ नाही. ते खाली जमिनीवर बसले आणि दाराजवळ, पण दाराला न टेकता, ऐकत राहिले. क्षणभर त्यांना वाटलं, आता पलीकडून वडील खाकरतील.

"अक्का," ते भोकाशी तोंड नेऊन म्हणाले, "त्या पेटीचं माझं चुकलं."

ब्रश थांबला नाही. "कुठल्या पेटीचं?"

"बाबांच्या ब्रशांच्या. मी द्यायला नको होती."

"त्यात बाबांचे ब्रश नव्हतेच."

"म्हणजे?"

"चांगले पाच ब्रश माझ्या लग्नात त्यांनीच माझ्या ट्रंकेत घातले, पातळांच्या खाली. आईलासुद्धा सांगितलं नाही. पेटीत उरले होते ते केस गेलेले, चुना मारायचे."

भाऊ उठून उभेच राहिले. "मग नऊ वर्षं तू रागावलीस कशाला?"

"पेटी देताना तू उघडून पाहिली असतीस, तर ब्रश त्यांचे नाहीत हे तुला कळलं असतं. तू उघडलीसुद्धा नाहीस!" आता ब्रश थांबला. "मला वाटायचं, कधी तरी तू फोन करशील आणि विचारशील, अक्का, बाबांचे खरे ब्रश कुठे गेले गं?"

बाहेर सुताराने चहाची कपबशी अगदी हळू खाली ठेवली.

तेवढ्यात स्कूटर वाजली. शेजारी मुठी उंच धरून धावत आत आले. "तशी जोडी कुठेच नाही! जुन्याच परत आणल्यात. घ्या, घाला सळई, करा सुटका!"

"थांबा!" अक्का म्हणाली. ती तिसऱ्या आडव्या पट्टीवर होती. "आता मध्ये थांबलं तर ही कड वाळेल आणि जोड दिसेल."

"अहो, पण हे आत..."

"थांबा म्हणतेय ना ती!" आतून भाऊ कडाडले. "दोन्ही उभ्या पट्ट्या होऊ द्या!"

शेजारी मुठी मांडीवर घेऊन सुताराच्या शेजारी बसले. त्यांनाही चहा मिळाला. चार वाजले. बस गेली असणार, हे सगळ्यांना कळलं. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. अक्काने दुसरी उभी पट्टी वरून खाली एका दमात ओढली, दोन पावलं मागे सरून डोळे बारीक केले, आणि मगच म्हणाली, "हं. आता उघडा. रंगाला हात न लावता."

सुताराने सळई घातली, फिरवली, आणि दार उघडलं. बनियनमधले भाऊ आणि हातभर रंगलेली अक्का समोरासमोर आले. अक्का खाली वाकली, आतल्या बाजूचे दोन ओघळ पाहिले आणि नखाने अंदाज घेतला. "वाळल्यावर घासून काढू. मग दुसरा हात मारू."

"दुसरा हात उद्याच मारता येईल," भाऊ सावधपणे म्हणाले.

"मग उद्या मारू."

दुसऱ्या दिवशी दुसरा हात मारून झाला. दार असं गुळगुळीत झालं, की बायको त्याच्यासमोर उभी राहून केस सारखे करायला लागली. संध्याकाळी अक्काने घरी फोन केला, तेव्हा भाऊ आणि त्यांची बायको स्वयंपाकघरात उगाचच भांडी इकडची तिकडे करत ऐकत होते.

"नाही रे, उद्यासुद्धा जमणार नाही," अक्का मुलाला सांगत होती. "तिसरा हात द्यायचाय."

तिसऱ्या हाताची त्या दाराला काही गरज नव्हती. बायकोने डब्याचं झाकण उचलून पाहिलं, रंग तळाला गेला होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पायात चपला घातल्या.

"दुकान बंद व्हायच्या आत जाऊन येते," ती म्हणाली. "मोठाच डबा आणू ना?"