गजभिये साहेब आणि डेहराडूनचं पिस्तूल

ओमानमधल्या आमच्या बौशरच्या बिल्डिंगमध्ये नवं मराठी कुटुंब राहायला आलं की तिसऱ्या मजल्यावरचे गजभिये साहेब त्यांना चहाला बोलावतात. पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच ते विचारतात, "समजा, तुम्ही नागपूरला राहता आणि तुम्हाला डेहराडूनहून एक पिस्तूल विकत घ्यायचं आहे. पहिलं काय कराल?"

पाहुणे एकमेकांकडे बघतात. कोणी म्हणतं पैसे पाठवू, कोणी म्हणतं तिकीट काढू. एका नव्या अकाउंटंटने तर कप खाली ठेवून बायकोला उठायची खूण केली होती. साहेब शांतपणे मान हलवतात. "चूक. काहीच करायचं नाही. वस्तूला हातसुद्धा लावायचा नाही. कागद आधी, वस्तू मागून."

आम्हालाही त्यांनी हेच विचारलं होतं. जिना उतरताना माझा नवरा मंदार म्हणाला, "उद्यापासून आपण लिफ्टने जाऊ. जिन्यात हे भेटायला नकोत."

गजभिये साहेब एका बांधकाम कंपनीत सेफ्टी इंजिनीयर आहेत. घरात स्टुलावर चढून बल्ब बदलायचा तरी खाली कोणीतरी स्टूल धरायला लागतं, म्हणून मला हाक येते. पिस्तूल त्यांनी जन्मात हातात धरलेलं नाही. ते हवं होतं त्यांच्या बायकोला.

सुनंदावहिनी नागपुरात शाळेत भूगोल शिकवतात. साहेब इकडे, मुलगा नोकरीला बंगलोरला. घर रिकामं झालं तशा त्या एका मैत्रिणीच्या आग्रहाने रायफल क्लबात गेल्या. मैत्रीण कंटाळून परत आली, वहिनी राहिल्या. आधी छऱ्यांचं एअर पिस्तूल, मग खरं, पॉइंट टू-टू बोअरचं. पन्नाशी ओलांडल्यावर राज्य स्पर्धेत त्यांच्या वयाच्या गटात नाव लागलं. पण क्लबाच्या पिस्तुलाची मूठ मोठी आणि वहिनींचा हात लहान. डेहराडूनच्या एक निवृत्त नेमबाज बाई आपलं पिस्तूल विकणार होत्या. त्याची मूठ वहिनींच्या हाताला नेमकी बसेल असं क्लबाच्या प्रशिक्षकांचं म्हणणं होतं.

तेव्हापासून साहेबांनी कायदा वाचायला घेतला. पुढे कोणीही, कुठेही भेटलं की ते सुरू व्हायचे. परवाना आहे, ठीक, पण त्यावर हे शस्त्र चढवायची, म्हणजे नोंदवून घ्यायची, परवानगी आहे का? विकणाऱ्या बाईंचा परवाना चालू आहे का? त्यांनी तिकडच्या पोलिसांना आधी लेखी कळवलं का? कळवल्यावर मुदत उलटली का? आणि राज्य ओलांडताना परवान्याची हद्द कुठवर? "लोकांना वाटते पिस्तूल म्हणजे गोळी," ते म्हणायचे. "गोळी शेवटी येते, ताई. पहिले शिक्का."

परक्या देशात 'पिस्तूल' हा शब्द मोठ्याने नको म्हणून घराबाहेर ते 'वस्तू' म्हणत. त्याने घोटाळा वाढला. आम्ही एकदा मत्रहच्या बाजारात युसूफभाईंच्या चांदीच्या दुकानात बसलो होतो. युसूफभाई रत्नागिरीचे, जन्म सगळा इथल्या बाजारात गेला. तेवढ्यात साहेबांना वहिनींचा फोन आला आणि ते दुकानाच्या दारात उभे राहून बोलायला लागले, "वस्तू डेहराडूनहून निघेल, नागपूरला उतरेल. मधे कोणाला दाखवायची नाही. कोणी विचारलं तर अधिकाऱ्यालाच सांगायचं."

युसूफभाईंनी मला हळूच बाजूला घेतलं. "ताई, ह्यांचा सोन्याचा काय मामला हाय काय?"

मी खरं काय ते सांगितलं. युसूफभाई खुर्चीत बसले. जरा वेळाने म्हणाले, "सोनाच बरा होता."

नागपूरची परवानगी मात्र अडकली. स्पर्धा जवळ येत चालली आणि फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईना. अशात क्लबातले एक गृहस्थ गाडीने डेहराडूनला निघाले होते. ते वहिनींना म्हणाले, "डिकीत टाकून आणतो की. कागद मागाहून होतील." वहिनी विरघळल्या. त्यांचा फोन आला तेव्हा मी साहेबांचा डबा परत द्यायला गेले होते. फोन स्पीकरवर होता. मी निघायला लागले, तर साहेबांनी हातानेच मला थांबवलं. त्यांना बहुधा साक्षीदार हवा होता.

"त्या माणसाला नाही म्हण," ते म्हणाले.

"तुम्ही तिकडे बसून नियम वाचून राहिले," वहिनी म्हणाल्या. "इथं मला मोठ्या मुठीचं पिस्तूल धरून उभं राहा लागते. मनगट दुखते माझं."

"मला समजते."

"तुम्हाला काय समजते? तुम्ही पिस्तूल पाहिलं तरी आहे का कधी?"

साहेबांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला. मग म्हणाले, "रस्त्यात गाडी तपासली तर तुझा परवाना जाईन, सुनंदा. परवाना गेला की नेमबाजी गेली. ही स्पर्धा हुकली तर चालेल मला. तुझी नेमबाजी गेलेली मला नाही पाहवणार."

फोन कट झाला. पुढचे काही दिवस तो वाजलाच नाही. साहेब कोणाला काही विचारेनात. लिफ्टमध्ये भेटले तरी नुसतं "काय ताई" म्हणून आकड्यांकडे बघत राहायचे. मंदारसुद्धा म्हणाला, "अरे, ह्यांना कोणीतरी पिस्तुलाबद्दल विचारा."

मग एका सकाळी वर दणदण पावलं वाजली आणि साहेब एका पायात चप्पल घालून आमच्या दारात आले. फोन कानाला होता. पलीकडून वहिनींचा आवाज येत होता, "मी परवान्याच्या ऑफिसातच बसली आहे. आज उठत नाही इथून. इथले साहेब म्हणतात दुसऱ्या राज्यातलं शस्त्र चढवताच येत नाही. कोणता नियम दाखवू? लवकर सांगा."

साहेबांनी आमच्या दारात उभं राहून, डोळे मिटून, नियम सांगितला. आधी कलम, मग अर्थ, मग त्या अधिकाऱ्याला न दुखावता तो कसा मांडायचा ते. वहिनी एकेक वाक्य तिकडे बोलून दाखवत होत्या. दुपारी शिक्का बसला. साहेब त्या दिवशी अर्ध्या रजेवर गेले आणि मजल्यामजल्यावर सांगत फिरले, "खलास. परवानगी आली. तिनं आणली."

वहिनी डेहराडूनला जायच्या आधी रंगीत तालीम झाली. साहेबांनी पिस्तूल म्हणून मिक्सरचं भांडं बॅगेत भरलं आणि स्वतः वहिनी झाले. मी विमानतळावरचा अधिकारी. खऱ्या वहिनी नागपूरहून व्हिडिओ कॉलवर बघत होत्या.

"बॅगेत काय आहे?" मी दरडावलं.

"सर, माझ्याकडे परवान्याचं शस्त्र आहे. रिकामं आहे. ते जाहीर करायचं आहे," साहेब बारीक आवाजात म्हणाले आणि लाजून पदर सावरल्यासारखा शर्ट नीट केला.

फोनमध्ये वहिनी इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला.

खऱ्या विमानतळावर वहिनींनी बॅग उघडायच्या आधीच जाहीर केलं. अधिकाऱ्याने कागद एकदा पाहिले, मग परत पाहिले, आणि हाताखालच्या माणसाला बोलावून म्हणाला, ये देखो, ऐसे पेपर होने चाहिए. वहिनींनी हे फोनवर सांगितलं तेव्हा साहेब आमच्याकडे जेवत होते. त्यांनी पोळीचा घास तसाच हातात धरून ते वाक्य परत सांगायला लावलं.

आणि स्पर्धेत वहिनींनी सुवर्णपदक मिळवलं. त्यांच्या गटात बाकीच्या बायका अनुभवी, चांगल्या तयारीच्या. शेवटच्या फेरीत वहिनी मागून पुढे गेल्या. बातमी कळली तशी आमची बिल्डिंग खाली जमली. युसूफभाईंनी मत्रहहून ओमानी हलव्याचं भलं मोठं भांडं पाठवलं. साहेब प्रत्येकाला हलवा देत होते आणि "माझं काही नाही, मी फक्त कागद" असं म्हणत सगळी कहाणी पहिल्यापासून सांगत होते.

चारेक दिवसांनी संध्याकाळी मी त्यांच्याकडे करंज्या घेऊन गेले. ते टीव्ही न लावताच टीव्हीसमोर बसले होते.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"बरं आहे. थोडी भीती वाटून राहिली."

"कसली?"

ते माझ्या हातातल्या ताटलीकडे बघत म्हणाले, "इतकी वर्षं आमचा फोन म्हणजे काय होता, सांगू? जेवली का. जेवली. गॅस आला का. आला. पोरगा घरी होता तोवर त्याचा अभ्यास तरी होता. मग हे पिस्तूल निघालं आणि आम्ही रोज बोलायला लागलो, ताई. भांडलोसुद्धा. मी रात्र रात्र वाचत होतो ते काही कायद्याची आवड म्हणून नाही. उद्या तिला सांगायला काहीतरी नवीन पाहिजे ना. आता सगळं नीट झालं. विचारायला तिच्याजवळ काही राहिलं नाही."

एवढ्यात फोन वाजला. वहिनीच होत्या.

साहेबांनी घाईने उचलून स्पीकरवर टाकला. "काय झालं? काही अडलं का? परवान्याचं काही?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "सहज केला. आज शाळेत काय मजा झाली, ऐका."

साहेबांनी पाय वर घेतले, उशी पाठीला लावली आणि म्हणाले, "सांग." मी ताटली टेबलावर ठेवून दार ओढून घेतलं.