घुमणाऱ्या जागांचे इनासअंकल

रिकाम्या ऑफिसात पाऊल टाकलं की इनासअंकल आधी टाय सारखा करतात, मग दोन्ही हात तोंडाशी धरतात आणि छातीतली सगळी हवा लावून ओरडतात, "जेवायला चलाऽऽऽ!"

मग डोळे मिटून ऐकत राहतात. आवाज भिंतींवर आपटून परत आला की बोटांवर काहीतरी मोजतात आणि माझ्या कानाशी येऊन सांगतात, "पाच महिने रिकामी आहे. मालक टेकीला आलाय." पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी जिना कुठे आहे ते बघून ठेवलं होतं.

इनास डाबरे मूळचे वसईचे. मेलबर्नमध्ये ऑफिसच्या जागा भाड्याने मिळवून देणं हा त्यांचा धंदा, आणि तोही मालकाच्या नव्हे, भाडेकरूच्या बाजूने. शहरभर इतरांना ऑफिसं मिळवून देणाऱ्या या माणसाला स्वतःचं ऑफिस नाही. जुन्या कॅमरीच्या मागच्या सीटवर फाइली, चहाचा थर्मास, मोजायची टेप आणि चपलांचा एक जोड असतो. जागेत शिरताना बूट काढून चपला घालायच्या, कारण "कार्पेटखाली काय लपवलंय ते बुटातून कळत नाही." त्यांचं आवडतं वाक्य एकच, "जागा बघायची नसते, बाय. ऐकायची असते."

मालकांकडून येणाऱ्या एजंटांना ही आरोळी म्हणजे प्रार्थना वाटते. डँडेनॉन्ग या उपनगरातला ब्रेट नावाचा तरुण एजंट तर अंकलनी हात तोंडाशी नेले की मान खाली घालून, डोळे मिटून उभा राहायचा. अंकलनी त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही. "प्रार्थना चालू असताना कुणी भाडं वाढवून सांगत नाही," असं त्यांचं म्हणणं.

मला त्यांची गरज पडली ती विद्यार्थ्यांच्या लाटेत. विमानं भरभरून भारतातून मुलं शिकायला येत होती आणि त्यांच्यामागे कॉलेजं निघत होती, गालिच्यांच्या दुकानावर, दातांच्या दवाखान्याशेजारी, जिथे चार खुर्च्या मावतील तिथे. जागांचे मालक हवेत होते. मी पेरोलमधली बरी नोकरी सोडून याच मुलांसाठी इंग्रजीच्या परीक्षेचे आणि अकाउंटिंगचे क्लास काढले होते. बस्तान बसतंय तोवर माझ्या मालकाने सांगितलं, अख्खा मजला एका कॉलेजला हवाय, महिनाअखेर जागा सोडा. मुलांच्या परीक्षा सहा आठवड्यांवर होत्या. जागा मिळाली नाही तर क्लास बंद, मुलं वाऱ्यावर, आणि मी खाली मान घालून परत पेरोलमध्ये. नवरा रोज नुसतं "बघ बुवा" म्हणायचा, आणि त्याचा मला जास्त राग यायचा.

आम्ही अकरा जागा पाहिल्या. अकराही मोकळ्या ढणढणीत, एकाहून एक घुमणाऱ्या. तिथे वर्गांच्या भिंती उभ्या करायच्या तर महिने गेले असते.

बारावी जागा डँडेनॉन्ग स्टेशनजवळ, एका कॉफीच्या दुकानावर. कॉम्प्युटर शिकवणारे कुणीतरी नुकतेच सोडून गेले होते. मधे पॅसेज, दोन्ही बाजूंना पार्टिशन घालून केलेल्या सहा खोल्या, भिंतींवर व्हाइटबोर्ड तसेच. अंकल ओरडले. ब्रेटने मान खाली घातली. आवाज परत आलाच नाही. अंकल पुन्हा ओरडले, तरी नाही.

"घुमत नाही," ते इतक्या हळू म्हणाले की मला पुढे वाकावं लागलं. "ही जागा तुझी."

"सॉरी मेट," ब्रेट म्हणाला. एका मोठ्या कॉलेजने जास्त भाडं देऊ केलं होतं आणि मालक त्यांनाच हो म्हणायच्या बेतात होता. शिवाय इथल्या करारात असतं तसं कलम होतंच, की जाणाऱ्या भाडेकरूने बांधलेलं सगळं पाडून जागा पहिल्यासारखी मोकळी करून द्यायची. पार्टिशनं पुढच्याच आठवड्यात पाडली जाणार होती.

"नो वरीज," अंकल म्हणाले. ते नो वरीज म्हणाले की समोरच्याने काळजी करायला सुरुवात करावी.

मालक म्हणजे एक ग्रीक आजोबा, खालचं कॉफीचं दुकानही त्यांचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी अंकल त्यांच्या दुकानात त्यांच्यासमोर स्वतःचा थर्मास उघडून बसले आणि वसईच्या इंग्रजीत सुरू झाले. "सर, बिग कॉलेज. फर्स्ट दे ब्रेक. देन दे ड्रॉ. देन कौन्सिल पेपर्स. देन दे बिल्ड. यू सिट अँड लुक अ‍ॅट डस्ट. माय गर्ल, शी कम्स मंडे." अंकलनी वर बोट दाखवलं, मग खाली. "सिक्स क्लासेस. ऑल स्टुडंट्स. ऑल स्लीपी. ऑल वाँट कॉफी."

आजोबांच्या मिशीत काहीतरी हललं.

त्यानंतर अंकलनी जुन्या भाडेकरूला फोन लावला. पाडापाडीचा खर्च वाचतोय म्हटल्यावर तो माणूस इतका खूश झाला की टेबलं, खुर्च्या आणि प्रिंटर तिथेच सोडतो म्हणाला. दुपारपर्यंत आजोबांनी कॉलेजला नकार कळवला होता, आणि वर मला तीन महिने बिनभाड्याचे दिले होते. मालकांच्या त्या सुगीत! मी पॅसेजमध्ये उभी राहून नवऱ्याला फोन केला आणि "बघितलं बुवा" म्हणाले.

फक्त एका गोष्टीवर अंकल हटून बसले. माझ्या करारात ते पाडायचं कलम नको. आजोबा तयार होईनात, तेव्हा अंकलनी मला न विचारता बिनभाड्याचा एक महिना परत देऊन टाकला. "उद्या ही गेली तरी भिंती राहतील," ते म्हणाले. आवाज जरा चढलाच होता. एवढ्या हिशेबी माणसाने हे का केलं, मला कळेना. थोडी चिडलेही.

सही केलेले कागद आणायला शनिवारी त्यांच्या घरी गेले. दार उघडलं तर समोर हॉल नव्हताच. हॉल असायला हवा तिथे पार्टिशन घालून अरुंद खोल्या केलेल्या, एकूण पाच दारं, प्रत्येकावर रंगाने नंबर. आत गाद्या गुंडाळून ठेवलेल्या.

"पोरं ठेवायचो आम्ही, शिकायला आलेली," अंकल चहा ओतत म्हणाले. "मोनिका रांधायची. एक हाक मारायची, पाच दारं उघडायची." त्यांच्या पत्नी मोनिकाआंटींना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलं एकेक करून नोकरीला लागली, शेवटचा पर्थला गेला. नवी ठेवायचा अंकलना धीर झाला नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "अंकल, ही पार्टिशनं काढली तर हॉल किती मोठा होईल."

"काढली तर घुमेल गं, बाय," ते म्हणाले, आणि कपात किती साखर घालायची ते विचारलं.

सोमवारी सहाही वर्ग भरले. आजोबांनी कॉफीचा ट्रे वर पाठवला, ब्रेट किल्ल्यांचा दुसरा जुडगा घेऊन आला, अंकल नवा टाय लावून आले. मी त्यांना पॅसेजच्या मधोमध उभं केलं. "अंकल, एकदा ऐकून घ्या जागा."

"भरलेली जागा कुणी ऐकतं का?" ते म्हणाले. पण मी हटले नाही. त्यांनी टाय सारखा केला, हात तोंडाशी नेले. ब्रेटने मान खाली घातली.

"जेवायला चलाऽऽऽ!"

एक दार उघडलं. मग दुसरं. मग सहाच्या सहा. मराठी मुलं हाकेने आली, बाकीची मराठी मुलं निघाली म्हणून आली, आणि पॅसेज गच्च भरला. ब्रेटने डोळे उघडले आणि तो किंचाळला, "इट अ‍ॅक्चुअली वर्क्स!"

नांदेडची एक मुलगी पुढे आली. "कुठे, अंकल?"

अंकलनी चष्मा काढला, नव्या टायला पुसला, पुन्हा लावला, आणि दाटीवाटीने उभ्या मुलांवरून एकदा नजर फिरवली.

"माझ्या घरी. रविवारी," ते म्हणाले. "भात खाता ना सगळी?"