चिखलदणक्याचा बारावा अल्बम

एका जंगलात, पार खाली दक्षिणेला, 'चिखलदणका' नावाचा रॉक बँड होता. पोरांनो, खिदळू नका. नाव त्यांचं त्यांनीच ठेवलेलं.

धोंडू रेडा गायचा. तीन माकडं तीन गिटारी वाजवायची. गाणी लय लांबायची, कारण आधी कुणी थांबायचं यावर माकडांचं कधी जमलंच नाही.

बँडनं अकरा अल्बम काढले. अल्बम आला की बाजाराच्या दिवशी बगळेगुरुजी दगडावर एका पायावर उभे राहायचे आणि परीक्षण वाचायचे. दुसऱ्या अल्बमपासून शेवट ठरलेला. "पहिल्या अल्बमची सर नाही." लगेच अख्खं जंगल मान डोलवायचं.

आता धोंडूचा घसा बसत चाललेला. बारावा अल्बम शेवटचा, हे नक्की. त्याआधी गुरुजींच्या चोचीतून एक बरा शब्द ऐकायचा, एवढीच त्याची हाव.

थोरलं माकड गुलबा म्हणालं, "धोंडूदादा, गुरुजींना पहिलाच पायजे ना? देऊन टाकू पहिलाच!"

"म्हणजे?"

"तीच गाणी, तेच रेकॉर्डिंग. कव्हर नवं, नाव नवं."

"येड्या, पकडतील की!"

"पकडायला ऐकावं लागतं, दादा."

धोंडूला पटलं. कव्हरवर मावळता सूर्य छापला. नाव ठेवलं 'शेवटचं डबकं'.

बाजाराचा दिवस आला.

"आवाज थकलाय," गुरुजींनी वाचलं. "गिटारींना म्हातारपणाची धाप लागलीय. पहिल्या अल्बमची सर नाही."

धोंडू उसळला. त्यानं भर बाजारात दोन्ही अल्बम पाठोपाठ वाजवले. गाणी तीच. तिसऱ्या गाण्यात नाकात माशी गेल्यावर आलेली शिंकसुद्धा तीच.

"गुरुजी, हा पहिलाच आहे! आता बोला!"

गुरुजींनी सावकाश पाय बदलला.

"मग पहिलाही टाकाऊच. इतकी वर्षं आपण उगाच डोक्यावर घेतला."

"बाप रे, काय तो अभ्यास!" ससे म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. संध्याकाळपर्यंत बिळाबिळातून पहिला अल्बम बाहेर भिरकावला गेला.

धोंडूनं त्यातला एक उचलला. घरी नेऊन पुन्हा नीट ऐकला. दोनदा ऐकला.

मग बायकोला हळूच म्हणाला, "अगं, गुरुजी म्हणतात त्यात तथ्य आहे गं."

तात्पर्य: खरं बोलल्यानं वाटोळं होतं असं काही नाही, बाळांनो. पुराव्यासकट बोललात तर मात्र नक्की होतं.