खांब नंबर तेरा

चाकं लावलेल्या सहा डब्यांनी माझ्या पट्ट्याशी शर्यत लावली, तेव्हा खरं सांगतो, मला डब्यांचीच कीव आली. आमचा सरकता पट्टा चोवीस वर्षं एका जागी घट्ट बसलेला. प्रेसपासून पॅकिंगपर्यंत खोकी नेतो आणि दुसरा विचार मनात आणत नाही. असं चारित्र्य हल्ली माणसांतही सापडत नाही. त्या पट्ट्याचा फोरमन मी.

हे फिरते रोबो आणले माझ्या सख्ख्या भाच्याने. शिकला, इथेच मॅनेजर झाला आणि पहिली कुऱ्हाड मामावर.

"मामा, पट्टा जागचा हलत नाही. रोबो हवं तिथे जातो."

"तुझे वडीलही जन्मभर हवं तिथे जात आले. काय उजेड पडला?"

शेवटी मालकांनी ठरवलं: एक पाळी, दोघांना तीनशे-तीनशे खोकी, हरेल तो भंगारात. पट्ट्याबरोबर फोरमनही, असं ते बोलले नाहीत. माझ्याकडे बघत चष्मा मात्र पुसला.

आधीचे तीन दिवस रोबो रिकामेच हिंडत होते, कारखान्याचा नकाशा पाठ करत. मी खुर्चीत बसून त्यांच्याकडे तुच्छतेने बघत होतो. नीट तुच्छतेने बघायचं तर हलून चालत नाही.

शर्यतीत पट्टा आरामात पुढे होता. दोनशे दहावं खोकं तिरपं होऊन अडकलं. नेहमीचंच. लाथ नेमकी कुठे घालायची, ते फक्त मला ठाऊक. मी उठलो, दोन पावलं टाकली, आणि सहाही रोबो लाल दिवे लावून जागीच थिजले.

"बघा मालक," मी म्हटलं, "मी नुसता उठलो तर ही अवस्था."

भाच्याने संगणकाच्या पडद्यात डोकं खुपसलं. "खांब नंबर तेरा सापडत नाही म्हणतायत."

"आपल्याकडे खांब बाराच आहेत," मालक म्हणाले.

भाच्याने पडद्यावर बोट ठेवलं, मग हळूच माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"मामा, तीन दिवसांत तुम्ही एकदाही उठला नाहीत?"

"पाठ धरली होती."

"चहालाही नाही?"

"चहा जागेवर येतो."

"बसा," मालक म्हणाले.

"अहो, पट्ट्यात खोकं..."

"आधी बसा. बाहेर ट्रक थांबलाय."

बसलो. सगळे दिवे हिरवे झाले. लग्नघरात झोपलेल्या आजोबांना चुकवून पोरं पळतात, तसे रोबो मला वळसे घालत पळू लागले. आठ पावलांवर माझा पट्टा घशात खोकं घेऊन कण्हत होता. एक लाथ, फक्त एक लाथ हवी होती.

पट्टा भंगारात गेला. माझी नोकरी वाचली. नकाशा पुन्हा करायचा तर तीन दिवस काम बंद. मालक म्हणाले, "कशाला? खांब मजबूत आहे."

आता कारखान्यात सगळं फिरतं. एका जागी पक्कं बसवलेलं यंत्र म्हणाल, तर मीच उरलोय. गेल्या आठवड्यात निवृत्तीचा अर्ज दिला. भाच्याने शांतपणे वाचून परत केला.

"मामा, आधी छत कशावर टेकलंय ते बघू."