थायलंडसाठी महत्त्वाच्या सूचना

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, तोंडात ब्रश असताना, प्रीतम डोंगरेच्या लक्षात आलं की आपली आई या क्षणी हुडकेश्वरच्या समाजभवनात बावीस ज्येष्ठ नागरिकांना एक पुस्तिका वाटते आहे, आणि ती पुस्तिका पुरुषांनी पुरुषांसोबत बँकॉकमध्ये मजा कशी करावी याबद्दल आहे.

लक्षात आलं ते असं. आयुषने पाठवलेली फाइल पुन्हा एकदा वाचावी म्हणून त्याने मोबाइल उघडला, तर पहिलंच वाक्य निघालं : 'गुडघ्याचे पट्टे हातातल्या सामानात ठेवावेत.' आयुष बत्तीस वर्षांचा होता आणि त्याच्या गुडघ्यांबद्दल आजवर कोणाचीच तक्रार नव्हती. प्रीतमने दुसरं वाक्य वाचलं. 'कवळी काढून ठेवल्यास डबीवर नाव लिहावे.' त्याने फेस गिळला.

प्रीतम रामदासपेठेत एका विमा कंपनीत कामाला होता. त्याला पुरुष आवडतात ही गोष्ट जगात तीन माणसांना माहीत होती. एक आयुष, म्हणजे कॉलेजातला त्याचा मित्र, जो आता पुण्यात होता आणि याच पंथातला होता. दुसरा पुण्याचाच एक डॉक्टर. तिसरा तो स्वतः, आणि त्यालाही ते पटायला बराच वेळ लागला होता. येत्या फेब्रुवारीत तो आयुषसोबत आयुष्यात पहिल्यांदा परदेशी जाणार होता. आईला त्याने 'ऑफिसची ट्रिप' असं सांगितलं होतं.

आयुष बँकॉकला चार वेळा जाऊन आलेला. प्रीतम त्याला म्हणाला होता, "तिथी कसं वागायचं, कुठी जायचं, सगळं लिहून दे. पण असं लिही का कोणाच्या हाती लागलं तरी समजलं नाही पायजे."

आयुषने ते परीक्षेसारखं मनावर घेतलं. चार पानांत एकही नको तो शब्द आला नाही. जिथे जो शब्द हवा तिथे त्याने 'आपली माणसं' लिहिलं, आणि औषधाच्या दुकानात हळू आवाजात मागायच्या वस्तूला 'रेनकोट' म्हटलं. वर मथळा दिला : 'थायलंडसाठी महत्त्वाच्या सूचना'.

दुर्दैवाने त्याच आठवड्यात हाच मथळा एका टूर कंपनीलाही सुचला. प्रीतमची आई, यमुताई, ज्येष्ठ नागरिक मंडळाची सचिव होती आणि मंडळ डिसेंबरात थायलंडला निघालं होतं. यमुताईंनी कंपनीची फाइल मुलाला पाठवून सांगितलं, "पिंटूकडून चोवीस कॉप्या काढून घे बेटा. बायंडिंग कर म्हणा." त्या वेळी प्रीतमसमोर जळालेल्या फ्रिजचा क्लेम घेऊन एक गृहस्थ बसले होते आणि फ्रिजमध्ये काय काय होतं ते एकेक करून सांगत होते. कोथिंबिरीच्या वड्यांपर्यंत आल्यावर प्रीतमने टेबलाखाली फोन धरून झेरॉक्सवाल्या पिंटूला फाइल पाठवून दिली. सारखीच दोन नावं होती. बोट वरच्या नावावर पडलं.

पिंटूने वीस वर्षांत दुकानात आलेला एकही कागद वाचला नव्हता. त्याने चोवीस प्रती काढल्या, स्पायरल घातलं, आपल्या मनाने मुखपृष्ठावर हत्तीचं चित्र टाकलं आणि गठ्ठा यमुताईंच्या हाती नेऊन दिला.

प्रीतम स्कूटरवरून समाजभवनात पोचला तेव्हा बावीस लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बावीस माणसं मांडीवर हत्ती घेऊन बसली होती. यमुताई माइकवर होत्या. त्या पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि माइक हाती आला की अजूनही शाळेतच असायच्या.

"सूचना क्रमांक चार," त्यांनी वाचलं. "'पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवावा, खिशात फक्त झेरॉक्स. आपला ग्लास डोळ्यांआड होऊ देऊ नये. झालाच, तर कितीही जीव जळला तरी तो तसाच सोडावा आणि नवीन घ्यावा.'"

"वा!" मागून आवाज आला. "याले म्हंतेत सूचना."

"आई," प्रीतम पुढे होऊन हळूच म्हणाला, "थे फाइल चुकीची आली. दुसरी हाय. देऊन टाका सगळ्या मले."

"प्रश्न शेवटी," यमुताई माइकमधून म्हणाल्या. "बस तिकडं. सूचना क्रमांक पाच. 'रेनकोट आपला आपण न्यावा. तिथल्या दुकानातलं माप बसेलच असं नाही. ऐनवेळी समोरच्याकडे मागू नये. आणि एक रेनकोट दोनदा वापरू नये.'"

सभेत कुजबुज झाली. "दोनदा काहून नाही?" पार्वतीबाईंनी विचारलं. पार्वतीबाई मंडळाच्या उपाध्यक्ष होत्या आणि त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं.

"तिकडचा पाऊस खराब असन," पुढच्या रांगेतले रामाजी म्हणाले. "रोज नवा घालायचा. पाच दिवसांचे पाच. लकडगंजात माहा साडू हाय, थोकमध्ये घेऊन देतो सगळ्यायले."

"छान. जबाबदारी रामाजींची," यमुताईंनी नोंद केली. प्रीतम भिंतीला टेकला. त्याला वाटलं, अजून वेळ गेलेली नाही. एवढ्यावर थांबलं तर पाऊस आणि रेनकोट यांत सगळं निभावून जाईल.

"सूचना क्रमांक सहा. 'टॉप की बॉटम, हे पहिल्या भेटीतच साफ सांगावं. ऐनवेळी वाद नको.'"

"हे मात्र लय चांगलं केलं," पार्वतीबाई उभ्याच राहिल्या. "मागच्या टैमले रेल्वेत काय झालं माहीत हाय ना? मले वरचा बर्थ! मी आत्ताच सांगून ठेवतो सगळ्यांसमोर, मले बॉटमच पायजे. माह्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हाय."

"लिहिलं," यमुताई म्हणाल्या. "रामाजी, तुमचं?"

"मले कुठंही टाका," रामाजी उदारपणे म्हणाले. "मी दोन्हीकडं अ‍ॅडजस्ट करून घेतो."

आयुषने लिहिलं होतं ते बर्थबद्दल नव्हतं, पलंगाबद्दल होतं. प्रीतम खाली बसला. खुर्ची नव्हती, तरी बसला. आईने कधी विचारलं तर काय सांगायचं याची तो दहा वर्षांपासून मनातल्या मनात तयारी करत होता. ती स्वयंपाकघरात विचारेल, दवाखान्यात विचारेल, एखादं स्थळ आल्यावर विचारेल, अशा सगळ्या शक्यता त्याने धरल्या होत्या. माइकवर, क्रमांक घालून, नावानिशी यादी करेल असं मात्र त्याला वाटलं नव्हतं.

सातव्या सूचनेला खरा गोंधळ झाला. 'निळी गोळी आणि बाटलीतून हुंगायचं ते औषध एकत्र कधीही घेऊ नये. बीपी एकदम खाली येतं आणि माणूस आडवा होतो.'

"अबे, माही बीपीची गोळी निळीच हाय!" रामाजी ओरडले. "आणि मी रात्री बाम हुंगतो!"

चौघांनी आपापल्या गोळ्यांच्या डब्या उघडल्या. एका बाईंना तिथेच चक्कर आल्यासारखं वाटू लागलं. कोणीतरी पंखा वाढवला, कोणीतरी तो नको म्हणून कमी केला. तेव्हा शेवटच्या रांगेतून मनोहरराव उठले. मनोहरराव सातपुते सरकारी दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते. एकटेच राहायचे. मितभाषी, नेहमी इस्त्रीचा शर्ट. मंडळात ते कधी बोलायचे नाहीत, त्यामुळे ते उठल्याबरोबर सगळे गप्प झाले.

"रामाजी, तुमची गोळी वेगळी," ते म्हणाले. "आणि बाम हुंगा खुशाल. हे लिहिलेलं वेगळ्या गोळीबद्दल हाय, पण शंभर टक्के बरोबर हाय. असं कोणी लिहून देत नाही. ज्यानं लिहिलं त्याले लोकायची काळजी हाय." एवढं बोलून ते बसले. बसताना त्यांनी एकदा प्रीतमकडे पाहिलं.

टाळ्या झाल्या. त्या उत्साहात यमुताईंनी आठवी सूचना घेतली आणि इथून पुढे कोणाच्याच हाती काही राहिलं नाही.

"'सिलोम भागात आपल्या माणसांची एक आख्खी गल्ली आहे. संध्याकाळी सातनंतर गजबजते. बाहेर खुर्च्या टाकून निवांत बसता येतं. तिथे कोणी लाजू नये. सगळे आपलेच असतात.'"

"आपली माणसं?" पार्वतीबाई पुन्हा उभ्या राहिल्या. "बँकॉकमध्ये? मराठी गल्ली?"

"पण टूरच्या कार्यक्रमात तर थे नाही," रामाजींनी कंपनीचा छापील कार्यक्रम उलटसुलट करून पाहिला. "मगरी दाखवून राहिले, आपली माणसं नाही!"

ठराव मांडला गेला. अनुमोदन मिळालं. यमुताईंनी टूर कंपनीच्या दामिनीला तिथूनच फोन लावला आणि फोन माइकसमोर धरला. प्रीतम "आई, आज रविवार हाय, नका त्रास देऊ तिले" म्हणेपर्यंत दामिनीने उचललाच.

"दामिनी, सिलोमची थे आपल्या माणसांची गल्ली कार्यक्रमात टाकायची हाय," यमुताई म्हणाल्या, आणि त्यांनी सूचना पुन्हा वाचून दाखवली.

"मॅडम," दामिनी म्हणाली, "ही सूचना आमच्या ऑफिसमधून आली? नाही म्हणजे… मॅडम, ती गल्ली जरा… पुरुषांची असते."

पार्वतीबाईंनी माइक ओढून घेतला. "म्हंजे? बायकायले मनाई हाय का?"

"मनाई नाही आजी…"

"कोणी वाईट वागते बायकांशी?"

"नाही हो, उलट सगळ्यात चांगले तेच वागतात. पण ते लोक नाचतात वगैरे."

"मंग आमी का झोपायले येऊन राहिलो का वं? आमी बी नाचतो. लिही!"

दामिनीसमोर बावीस जणांचं बुकिंग होतं. "लिहिते," ती म्हणाली. "मंगळवारी संध्याकाळी सात ते आठ. जेवणाआधी."

सभा संपली. शेवटचं पान कोणी वाचलंच नाही, कारण तोवर पोहे आले होते. प्रीतमने छपाईत चुका असल्याचं सांगून पुस्तिका परत मागून पाहिल्या. एकही मिळाली नाही. पार्वतीबाईंना ती सुनेला दाखवायची होती. रामाजींनी ती रेनकोटसाठी साडूला पाठवूनही दिली होती. यमुताई पोह्यांची प्लेट घेऊन मुलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "पाह्य, किती खूश झाले सगळे. इतकी मन लावून लिहिलेली पुस्तिका मी पाह्यली नाही. आणि तू म्हणे चुकीची!"

"हो आई," प्रीतम म्हणाला. त्याने पोह्यांची प्लेट शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

तो बाहेर स्कूटरपाशी आला. तिथे मनोहरराव उभे होते. हातात हत्ती.

"प्रीतम, एक मिनिट बेटा. मी टूर रद्द करून राहिलो. आईले सांगजो, पाय दुखते म्हणा."

"काहून काका?"

"पार्वतीबाई बाजूला बसतीन त्या गल्लीत. काय करू मंग मी तिथी?" ते म्हणाले, आणि मग जणू आपणच काय बोललो हे ऐकण्यासाठी थांबले.

प्रीतमने हेल्मेट घातलं होतं. ते त्याने पुन्हा काढलं. "काका, तुम्हाले… कसं समजलं? का ते माह्यं…"

"आई वाचून राहिली होती तेव्हा सगळे तिच्याकडं पाहून राहिले होते. तू एकटाच दाराकडं पाहत होता." मनोहररावांनी पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं. "इथी लिहिलं हाय पाह्य. 'पहिल्या वेळी एकट्याने जाऊ नये. ओळखीचा एक तरी माणूस सोबत असावा.' मी एकोणसत्तर वर्षांचा झालो, बेटा. ओळखीचा माणूस आज पहिल्यांदा दिसला."

समाजभवनातून यमुताईंचा 'हॅलो, हॅलो, चहा घ्या' ऐकू येत होता. प्रीतमने मनोहररावांच्या हातातली पुस्तिका घेतली, उगाचच मिटली, पुन्हा त्यांच्या हाती दिली. "आम्ही फेब्रुवारीत चाललो," तो म्हणाला. "मी आणि माहा मित्र. पासपोर्ट हाय ना तुमच्याकडं?"

"नवा हाय. अजून एकही शिक्का नाही."

तेवढ्यात आयुषचा फोन आला. "काय झालं बे? तेरा मिसकॉल! मेलं का कोणी?"

"नाही. ऐक, फेब्रुवारीत आपल्यासोबत एक जण येऊन राहिले."

"'येऊन राहिले'? कोण हाय बे, कलेक्टर?"

"मनोहरराव काका. एकोणसत्तर."

आयुष इतक्या मोठ्याने बोलला की स्पीकर न लावताही सगळं ऐकू आलं. "येऊ दे ना! त्याहिले एकच विचार, नाचता येते का?"

मनोहररावांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. शर्टाची कॉलर नीट केली.

"नाच नाही येत," ते फोनजवळ वाकून म्हणाले. "पण लेझीम चांगली खेळतो मी. सोबत आणू का?"