पुंगळ्यांचं वाण

आई निगडीहून त्यांच्याकडे परदेशी येणार म्हणून अस्मितानं पडदे धुतले, फ्रीज घासला आणि मग नवऱ्याला दंडाला धरून गॅरेजमध्ये नेलं.

"हे सगळं काय आहे म्हणून सांगायचं तिला?"

देवव्रतनं आपल्या दुसऱ्या संसाराकडे प्रेमानं पाहिलं. न्यू लिनच्या त्या गॅरेजात गाडीला कधी जागा मिळालीच नव्हती. भिंतीला बोल्टांनी जखडलेली तिजोरी होती, तिच्यात त्याचं पिस्तूल. टेबलावर लांब दांड्याचं काडतुसं भरायचं यंत्र होतं आणि खाली बादलीभर पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या. सोमवार ते शुक्रवार तो एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा. शनिवारी मात्र क्लबच्या मैदानावर घड्याळ 'बीप' करायचं आणि हा चाळिशीतला, किंचित पोट सुटलेला माणूस आडोशांमागून धावत सुटायचा, पुठ्ठ्याच्या आणि पत्र्याच्या निशाण्यांवर गोळ्या झाडायचा. जितका नेम अचूक आणि वेळ कमी, तितके गुण जास्त. झाडून झालं की सगळ्यांच्या पायांमधून वाकून पुंगळ्या वेचायच्या, घरी आणून साफ करायच्या आणि पुन्हा भरायच्या. या वेचण्यातच त्याचा सगळा व्यायाम व्हायचा.

"खरं सांगू या की," तो म्हणाला. "परवाना आहे, क्लब आहे. चोरी का आहे?"

"आईला? ती रात्रभर तिजोरीसमोर खुर्ची टाकून बसेल. आणि सकाळपर्यंत निगडीच्या अख्ख्या सोसायटीला कळेल, जावई पिस्तूल बाळगतो."

"मग काय सांगू?"

अस्मितानं बादलीकडे पाहिलं. "प्लंबिंग सांग. पितळ आहे, खपून जाईल."

खपलंही. सुलभाताई मुलींच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. घर बघता बघता त्या गॅरेजपर्यंत आल्या, बादलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "प्लंबिंग? तुम्ही?"

"अधूनमधून करतो. फावल्या वेळात."

सुलभाताईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "कुठलंही काम हलकं नसतं हो, देवव्रतराव," असं म्हणून त्या आत गेल्या आणि त्या रात्री दुसरी पोळी नको म्हणाल्या.

देवव्रतला यात काही वावगं दिसलं नाही. प्रवासाचा शीण असेल, असं त्याला वाटलं.

दोन दिवसांनी त्याचा नेमबाजीतला जोडीदार श्रीनाथ याचा हॅमिल्टनहून फोन आला. महिनाअखेरीला मोठी मॅच होती. देवव्रत गॅरेजमध्ये फेऱ्या मारत मोकळ्या आवाजात बोलत होता. शेजारच्या मोरीवजा खोलीत सुलभाताई वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होत्या, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अरे, दारू संपत आलीय माझी. दुकानात ढीगभर लोक वेटिंगवर आहेत. तुझ्याकडे असेल तर घेऊन ये ना." मग तो हसला. "नाही रे, बेतानंच घालतो. जास्त झाली की हात थरथरतो, आणि कमी घातली तर मजा नाही... हो, जुनीचा कंटाळा आलाय. फार जड आहे रे ती, दिवसभर सांभाळायची म्हणजे जीव जातो. नवी कसली सडपातळ आहे! हातात अशी बसली की सोडवेचना... अस्मिताला माहितेय, ती काही बोलत नाही. फक्त सासूबाईंना कळता कामा नये."

दुसऱ्या दिवसापासून घरातली हवा बदलली. सकाळी चहाऐवजी त्याच्या हातात लिंबाचं सरबत आलं. "पोटाला बरं असतं," सुलभाताई म्हणाल्या, आणि तो पीत असताना त्याच्या तोंडाजवळ नाक आणून त्यांनी हळूच हुंगलं. जेवताना त्या त्यांच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगू लागल्या. चांगली नोकरी गेली, मग नको ते सुरू झालं, पण बायको खमकी निघाली म्हणून संसार वाचला. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. देवव्रतचेही थोडे आले. गृहस्थ कोण, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही.

"आई किती हळवी झालीय ना?" तो अस्मिताला म्हणाला.

"वय," अस्मिता म्हणाली.

संक्रांतीचं हळदीकुंकू शनिवारी ठरलं होतं. वाणासाठी पापाटोएटोच्या भारतीय दुकानांतून स्टीलच्या वाट्या आणू या, असं अस्मिता म्हणाली तर सुलभाताईंनी तिला अडवलं. "उगाच खर्च नको. घरात आहे त्यातलंच बघते मी काहीतरी."

त्याच संध्याकाळी देवव्रत ऑफिसातून आला तो अंगणात थबकलाच. जुन्या साडीवर त्याच्या पुंगळ्या वाळत पडल्या होत्या आणि उन्हात नुसत्या लखलखत होत्या. सुलभाताई चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन दिवसभर बसल्या होत्या.

"पितळ असं काळं ठेवतात का?" त्या म्हणाल्या.

देवव्रतला गहिवरून आलं. यंत्रात तासन्‌तास घोळवूनही पुंगळ्यांना अशी झळाळी कधी आली नव्हती. तो आभार मानणार तेवढ्यात फोन वाजला. त्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी तपासणीला येणाऱ्या बाईंचा होता. त्याशिवाय नवं पिस्तूल घेता येणार नव्हतं.

"यातल्या थोड्या मी घेऊ का?" सुलभाताईंनी विचारलं.

"हव्या तेवढ्या घ्या," एका कानावर हात ठेवून तो म्हणाला, आणि दुसऱ्या कानाला लावलेल्या फोनवर इंग्रजीत म्हणाला, "शनिवारी नक्की ये, ट्रेसी. मी वाट बघतो."

सुलभाताईंच्या हातातली पुंगळी खाली पडली.

शनिवारी ट्रेसी सकाळी येणार होती, पण आली नाही. उशीर होतोय, असे तिचे निरोप गॅरेजात विसरलेल्या फोनवर येऊन पडले होते. चारच्या सुमाराला बायका जमल्या आणि देवव्रतची रवानगी स्वयंपाकघरात कॉफी करायला झाली. कपांचा ट्रे घेऊन तो बैठकीच्या दारात आला आणि जागीच खिळला.

चौरंगावर तिळगुळाच्या ताटाशेजारी परातीत त्याच्या मॅचच्या पुंगळ्या रचून ठेवल्या होत्या. प्रत्येकीला कुंकवाचं बोट लावलेलं होतं. कोपऱ्यात आणखी काही ओळीनं उभ्या होत्या, आणि प्रत्येकीत एकेक उदबत्ती शांतपणे जळत होती.

"उदबत्तीचं घर," सुलभाताई सांगत होत्या. "देवव्रतरावांनीच दिलीत."

"किती गोड!" मंदावहिनी म्हणाल्या. "पण याच्या बुडाला नाइन एमएम का लिहिलंय?"

"प्लंबिंगचं माप आहे ते."

"प्लंबिंगमध्ये नाइन एमएम नसतं, काकू," पलीकडून नीलिमा म्हणाली. ती पाण्याच्या पाइपांचीच इंजिनिअर होती, हे देवव्रतचं दुर्दैव.

अस्मितानं त्याला स्वयंपाकघरात ओढलं. "तू दिल्यास?"

"मी थोड्या घ्या म्हणालो होतो! नाही... हव्या तेवढ्या म्हणालो. आता मागायच्या कशा?"

"दिलेलं वाण परत मागतात? वेडा आहेस का?"

तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि कोणी हलायच्या आत सुलभाताईंनी दार उघडलं. बाहेर एक उंच, सडपातळ बाई उभी होती. आखूड केस, पायात रबरी सपाता, काखेत फाइल.

"किया ओरा," तिनं इथल्या पद्धतीनं नमस्कार केला. "देव आहे ना? मी ट्रेसी. त्यानं आज बोलावलंय मला."

स्वयंपाकघरात देवव्रतच्या हातातला कप कलंडला. बाहेर सुलभाताई दारात हात पसरून उभ्या राहिल्या आणि चाळीस वर्षं वर्गात घासलेल्या इंग्रजीत म्हणाल्या, "तो विवाहित आहे."

"माहितेय," ट्रेसी प्रसन्नपणे म्हणाली. "त्याच्या बायकोशीही बोलायचंय मला. एकटीला गाठलं तर बरं, म्हणजे ती मोकळेपणानं बोलेल. तुम्ही कोण?"

"मी त्याची सासू!"

"अरे वा, मग तुम्हालाच विचारते. पुढं जायच्या आधी माणूस कसा आहे ते कळायला हवं ना. पितो वगैरे का?"

सुलभाताईंनी क्षणभर विचार केला. ही बला टळायची असेल तर हीच वेळ होती.

"पितो?" त्या म्हणाल्या. "गॅरेजात बसून पितो. हात थरथरतात त्याचे. संपली की हॅमिल्टनहून मागवतो. नोकरी केव्हाच गेलीय. ऑफिसच्या नावाखाली लोकांचे नळ दुरुस्त करून दिवस काढतो. आणि बायकांच्या बाबतीत तर त्याचा काडीचा भरवसा नाही. तू तरुण आहेस, पोरी. विचार कर."

ट्रेसीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तिनं खिशातून पेन काढलं आणि लिहायला सुरुवात केली.

देवव्रत हातातला ट्रे घेऊनच धावत आला. "आई, थांबा! थांबा!"

"तुम्ही आत जा!"

"आई," मागून अस्मिता ओरडली, "अगं ती पोलिसांकडून आलीय! परवान्यासाठी!"

सुलभाताई गरकन वळल्या. "इथंही दारू प्यायला परवाना लागतो?"

"पिस्तुलाचा परवाना, आई!"

बैठकीतल्या पंधरा-वीस बायका तिळगुळ तोंडात तसाच धरून ऐकत होत्या.

"पिस्तूल?" सुलभाताई म्हणाल्या. "आणि दारू?"

"दारू म्हणजे... काडतुसात घालायची. नेमबाजी करतो मी क्लबात. त्या पुंगळ्या त्याच्याच आहेत."

"आणि ती सडपातळ? हातात बसली की सोडवत नाही ती?"

"गन," देवव्रत कसाबसा म्हणाला. "गन आहे ती, आई."

सुलभाताई चपलांच्या स्टँडवर मटकन बसल्या. देवव्रतला वाटलं, आता चक्कर येणार. पाणी आणायला तो वळला तर त्यांनी त्याचा शर्ट धरला. लग्नापासून त्या त्याला कधी एकेरी बोलल्या नव्हत्या.

"अरे गाढवा! मग आधी नाही सांगायचं? नोकरी गेली, दारू लागली, बाई ठेवली, एवढं एकटीनं पोटात ठेवून बसलेय मी! आठवडाभर धड जेवले नाही!" आणि डोळे पुसत त्या हसायला लागल्या. "नुसतं पिस्तूलच आहे होय! देवा रे!"

मग उठून, पदर सारखा करून त्या ट्रेसीला म्हणाल्या, "कृपा करून आधीचं सगळं खोडा."

ट्रेसी मात्र हसली नाही. हातातल्या कागदाकडे आणि देवव्रतकडे ती आळीपाळीनं पाहत राहिली. देवव्रतनं धडाधड खुलासा केला. प्लंबिंगचा, दारूचा, जुनीचा आणि नवीचा. तो जितकं सांगत गेला तितकं ते त्याचं त्यालाच खोटं वाटू लागलं. ट्रेसीनं कोपऱ्यातली एक पुंगळी उचलली, बूड पाहिलं, आतली उदबत्तीची राख फुंकून काढली.

"सगळ्या रिकाम्या?"

"सगळ्या."

"तिजोरी दाखव. मग तुझ्या बायकोशी बोलते. आणि मग," तिनं सुलभाताईंकडे बोट केलं, "यांच्याशी. तू त्या वेळी बाहेर थांबायचंस."

तिजोरी पक्की होती, किल्ली जागच्या जागी होती, त्यात काही अडचण आली नाही. अस्मिता पटकन बाहेर आली. सुलभाताई मात्र येईचनात. देवव्रत बायकांना कॉफी देत फिरत होता आणि त्याचे कान गॅरेजच्या दाराला चिकटले होते. आतून आधी सुलभाताईंचा आवाज आला, आणि मग ट्रेसीचं मोठमोठ्यानं हसणं. दोघी बाहेर आल्या तेव्हा ट्रेसीच्या कपाळावर कुंकू होतं.

"माझ्याकडून हरकत नाही," ती म्हणाली. "पण घरात राहणाऱ्या माणसांपासून असली गोष्ट लपवायची नसते, देव. पिस्तुलापेक्षा तुझं गप्प बसणं जास्त धोक्याचं आहे." जाताना तिनं तिळगुळ घेतला, आणि चिंचेत मीठ किती घालायचं तेही विचारून घेतलं.

दार बंद झाल्यावर देवव्रत मंदावहिनींकडे वळला. "वहिनी, त्या पुंगळ्या... महिनाअखेरीला माझी मॅच आहे, तर..."

बायकांनी आपापल्या हातातल्या पुंगळ्यांकडे नव्या नजरेनं पाहिलं. कुणीही परत केली नाही. उलट मंदावहिनींनी परातीतून आणखी एक उचलली. "जोडी असू दे हो देवघरात."

उरलेल्या पुंगळ्या भरून देवव्रत मॅचला गेला. श्रीनाथनं आपलं नवं, हलकं पिस्तूल त्याला मैदानावर वापरून बघायला दिलं. सुलभाताई हट्टानं बरोबर आल्या होत्या. डोळ्यांवर चष्मा, अंबाड्यावरून कानांवर भलेमोठे मफ्स, अशा त्या मागच्या बाकावर ताठ बसल्या होत्या.

'बीप' वाजलं. देवव्रत धावला. पहिल्याच आडोशाशी त्याला मागून वर्गातली ठणठणीत हाक ऐकू आली, "सावकाश! घसरशील!" मफ्समधूनसुद्धा ऐकू आली. त्यानंतर त्याचा नेम जो ढळला तो ढळलाच. पत्र्याचे निशाणे शेवटपर्यंत उभे राहिले आणि पुठ्ठ्यांच्या आजूबाजूच्या मातीचा धुरळा उडाला. काडतूस मात्र एकही अडकलं नाही. पिस्तूल लोण्यासारखं चाललं.

"तुझ्या गोळ्या एकदम स्वीट ॲज, अगदी झकास," श्रीनाथ म्हणाला. म्हणजे खापर फोडायला चिंचसुद्धा उरली नव्हती.

देवव्रत मान खाली घालून पुंगळ्या वेचू लागला. मागच्या बाकावर सुलभाताईंनी मफ्स गळ्यात उतरवले होते आणि निगडीच्या बहिणीला फोन लावला होता.

"अगं हो, पिस्तूलच. खरंखुरं," त्या तिला समजावत होत्या. "छे छे, धोका कसला? मी स्वतः पाहिलं ना आत्ता. बाकीचे सगळे नेम मारतात. आमचे देवव्रतराव नुसता आवाज करतात."