फळ तुमचं, बी माझं

पैसे दिले की भाजीवाल्याशी आपला संबंध संपतो. निर्मळ गावच्या दामूकाकांशी तो तिथून सुरू होतो. त्यांचा लाल भोपळा घेतला की आठ दिवसांनी ते बोळिंजला आमच्या सातव्या मजल्यावर येतात आणि बी परत मागतात. "फळ तुमचं, बी माझं!"

पहिल्या वेळी मी बी चक्क कचऱ्यात टाकलं होतं. काका खाली गेले आणि वॉचमनला हाताशी धरून सोसायटीच्या खतखड्ड्यातला अख्खा ओला कचरा उपसला. तेव्हापासून आमच्या विंगमध्ये घरोघरी बी वाळत असतं.

नुसतं बी देऊनही सुटका नाही. "गोड होता? शिजायला येळ किती लागला?" गोड भोपळ्याचं बी उजव्या खिशात, बाकीचं डाव्या. डावा खिसा कोंबड्यांचा.

"पोटात गेल्याबिगर भोपळा कळतो का? आनि मी एकट्यानं किती खाऊ?"

दोन वर्षांपूर्वी एका बियाणं कंपनीचा माणूस चकचकीत पाकिटं घेऊन निर्मळला आला. काकांनी विचारलं, "याचं बी राखून लावलं तर?"

"तसंच फळ नाही येणार, काका. दरवर्षी नवीन पाकीट घ्यायचं."

"म्हनजे वाडी माझी, पानी माझं, आनि भोपळ्याची किल्ली तुझ्या खिशात!"

काका तडक उठून गेले. बाकीच्यांनी पाकिटं घेतली आणि काकांना वेड्यात काढलं.

यंदा लागवडीच्या तोंडावर कंपनीनं ते वाणच बंद केलं. घरी राखलेलं बी लावावं, तर गेल्या वर्षी ते लावून पाहिलेल्यांचं एक फळ लांबडं, दुसरं चपटं, चव एकालाही नाही. झक मारत सगळे काकांच्या ओट्यावर आले. काकांनी मूठमूठ बी फुकट वाटलं, पण प्रत्येकाकडून वदवून घेतलं.

"फळ तुमचं, बी?"

"तुमचं, काका!"

आता आगाशीच्या बाजारात गिऱ्हाईक दामूकाकांचाच भोपळा मागतं. परवा तो कंपनीवालाही एक घेऊन गेला. काका मागून ओरडले, "आठ दिवसांनी बी आनून दे रे!" बाजार हसला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

काल काका आले. मी म्हटलं, "आता अख्खं गाव तुम्हाला बी आणून देतं. इतक्या लांब कशाला येता?"

ते पिशवीचा बंद चाळवत राहिले. "गाववाले बी देतात नि जातात. तू बस म्हनतेस."

दाराजवळच्या स्टुलावर वर्तमानपत्रावर बी पसरलेलं होतं. खडखडीत वाळलेलं.

"अजून ओलं आहे, काका. पुढच्या आठवड्यात न्या. घारगे केलेत, बसा."

काकांनी एक बी उचलून दातांखाली फोडलं. कट्‌ असा आवाज आला.

"ओलंच हाय," ते म्हणाले, आणि चपला काढून आत आले.